सत्ता, व्यवस्था आणि ‘जाती’

एम.ए.च्या वर्गात सोस्यूर शिकवण्याचा तास बहुधा निर्विघ्न पार पडतो. चिन्ह, चिन्हक आणि चिन्हित फळ्यावर मांडून होतात आणि मग बुद्धिबळाचे उदाहरण येते. पटावरचा घोडा हरवला तर त्याच्या जागी एखादी गुंडी ठेवूनही डाव चालू राहतो; कारण घोडा म्हणजे लाकडाचा तुकडा नव्हे, इतर मोहऱ्यांशी असलेल्या संबंधांतून मिळालेले ते एक स्थान होय. हे विद्यार्थ्यांना पटते. अनेक वर्षे हा विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी अशाच एका तासाला व्यवस्थेचे आणखी एक उदाहरण म्हणून जातिव्यवस्थेचा उल्लेख केला. भाषेतील चिन्हांप्रमाणे जातीही परस्परांपासूनच्या भेदांवर उभ्या असतात, असे ते म्हणाले. तास संपता संपता मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, डाव मोडला की घोडा पुन्हा लाकडाचा तुकडा होतो. आम्ही कधी नुसतं लाकूड होतो का? खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, आणि आडनावावरून कळलं नाही तर ‘मुळात कुठले?’ असं विचारतात. हे ‘मुळात’ व्यवस्थेत कुठे बसतं?”

प्राध्यापकांना तत्काळ उत्तर सुचले नाही. प्रश्न साधा दिसत असला तरी त्यात दोन भिन्न विचारक्षेत्रांची सीमारेषा अचूक दाखवलेली होती. प्राध्यापक व्यवस्थेविषयी बोलत होते. विद्यार्थिनी सत्तेविषयी विचारीत होती. एखादी गोष्ट कोणत्या संबंधांतून आपले स्थान मिळवते हा एक प्रश्न, आणि ती गोष्ट मुळात आहे तरी काय हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दिले म्हणजे दुसऱ्याचेही दिले गेले, असा समज संरचनावादाच्या मराठी चर्चेत बराच काळ वावरत आला आहे. तो केवळ परिभाषेचा घोळ असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु हा घोळ जिच्या पथ्यावर पडतो ती गोष्ट आपल्या समाजात घरमालकाच्या उंबरठ्यावर उभी आहे.

तत्त्वज्ञानाच्या ज्या शाखेला मराठीत सत्तामीमांसा म्हणतात, तिचा मूळ प्रश्न ‘काय आहे?’ असा असतो. येथे सत्ता म्हणजे अस्तित्व, असतेपण. वैशेषिकांच्या मते द्रव्य, गुण आणि कर्म यांत समवायाने राहणारे सर्वांत व्यापक सामान्य म्हणजे सत्ता. परंतु व्यवहारातील मराठीत सत्ता म्हणजे अधिकार, राज्य करण्याची शक्ती. एकाच शब्दात हे दोन अर्थ राहिले याला भाषेच्या इतिहासातील योगायोग म्हणता येईल. तरी त्यातून मिळणारी सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाही. काय आहे आणि काय नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याच्याकडे जातो, त्याच्या हाती मोठा अधिकार येतो. कारण ‘आहे’ असे एकदा ठरले की त्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्नच उरत नाही. दगड कठीण आहे याबद्दल कोणी दाद मागत नाही.

‘व्यवस्था’ या शब्दाचा इतिहासही असाच बोलका आहे. नीट वेगवेगळे करून ठेवणे, प्रत्येकाला त्याची जागा नेमून देणे, हा त्याचा मूळ आशय. धर्मशास्त्राच्या व्यवहारात मात्र व्यवस्था म्हणजे पंडिताने दिलेला निर्णय. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा प्रश्न उपस्थित झाला की पंडितांकडून व्यवस्थापत्र मागवले जाई. १८६४ साली न्यायालयीन पंडितांची पदे रद्द होईपर्यंत ही पद्धत चालू होती. व्यवस्था ही कोणीतरी दिलेली असते, कोणीतरी मागितलेली असते, आणि ती पाळणारे लोक असतील तोवरच टिकते, याची आठवण या जुन्या अर्थात शिल्लक आहे. सत्तेला असा कर्ता लागत नाही. दोन्ही संकल्पनांतील मुख्य भेद येथेच आहे. सत्तामीमांसेचे विधान खरे असेल तर ते कोणाच्या वागण्याने खोटे ठरत नाही. व्यवस्था मात्र वागण्यातूनच घडते आणि वागणे थांबले की थांबते.

भारतीय परंपरेत या दोन विचारपद्धतींचे आदर्श नमुने शेजारी शेजारी उभे आहेत. वैशेषिकांनी विश्वातील पदार्थांची यादी केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि पुढील काळात त्यांना जोडला गेलेला अभाव. या यादीचा दावा असा की जे जे काही आहे ते यांपैकी कशात तरी मोडते, आणि माणूस नसता तरी ते तसेच असते. पाणिनीच्या अष्टाध्यायीचा दावा वेगळा आहे. सुमारे चार हजार सूत्रांच्या त्या रचनेत अनुबंध नावाची अक्षरे असतात. एखाद्या प्रत्ययाला ती चिकटवली जातात, कोणते कार्य करायचे ते सुचवतात आणि प्रत्यक्ष रूप सिद्ध होण्यापूर्वी त्यांचा लोप होतो. हे अनुबंध ‘आहेत’ काय, हा प्रश्न अष्टाध्यायीच्या बाहेर विचारण्यात अर्थ नाही. आत मात्र त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. शब्दाचा अर्थ जाती की व्यक्ती, हा वाद वाजप्यायन आणि व्याडी यांच्या नावांनी ओळखला जातो. पाणिनीने कोणता पक्ष घेतला, या प्रश्नाला पतंजलीने दोन्ही असे उत्तर दिले. काही सूत्रांना एक पक्ष लागतो, काहींना दुसरा. सत्तामीमांसकाला हे उत्तर चालणार नाही. वैयाकरणाला चालते, कारण व्यवस्थेला सत्तेचा निवाडा होईपर्यंत थांबून राहावे लागत नाही.

वरच्या वादात आलेला ‘जाती’ हा शब्द या दोन विचारपद्धतींच्या मधोमध उभा आहे. न्यायवैशेषिकांत जाती म्हणजे सामान्य, अनेक व्यक्तींत एकच असणारे नित्य तत्त्व. उदाहरणार्थ, सर्व गाईंमधील गोत्व. छंदःशास्त्रात जाती म्हणजे मात्रांच्या हिशेबाने बांधलेली पद्यरचना, आणि माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’पासून मराठी अभ्यासकाला ती छंद आणि वृत्त यांच्याहून वेगळी म्हणून परिचित आहे. समाजात जाती म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तर्कशास्त्रातली जाती सत्तेच्या बाजूला पडते, छंदातली जाती निखालस व्यवस्थेच्या बाजूला. समाजातली जात कोणत्या बाजूची? लोकभाषेने आपले मत देऊन ठेवले आहे. जी जात नाही ती जात, असे मराठी माणूस अर्धवट विनोदाने, अर्धवट विषादाने म्हणतो. व्युत्पत्ती म्हणून ते खरे नाही. शब्द ‘जन्’ या धातूपासून आला, त्याचा संबंध जाण्याशी नसून जन्मण्याशी आहे. पण या श्लेषात एक पूर्ण सत्तामीमांसा दडलेली आहे. जे जात नाही ते नित्य, आणि जे नित्य त्यावर माणसाचा इलाज नाही.

नैयायिक स्वतः मात्र इतके सैल नव्हते. अनेकांना लागू पडणारा प्रत्येक शब्द जाती दाखवतो, असे त्यांनी मानले नाही. पाचकत्व हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. पाचक म्हणजे स्वयंपाक करणारा. तो पाक करतो म्हणून पाचक. पाचकत्व ही जाती नव्हे, उपाधी होय. क्रियेमुळे आलेला धर्म क्रियेबरोबर जातो. मराठीतही आचाऱ्याने तो धंदा सोडला की तो आचारी राहत नाही. आता याच्या शेजारी कुंभकार हा शब्द ठेवावा. व्याकरणाच्या परंपरेत तोही पाचकासारखाच क्रियेवरून सिद्ध झालेला शब्द आहे, आणि कुंभ करणारा तो कुंभकार हे विद्यार्थ्यांना शिकवले जाणारे ठरलेले उदाहरण आहे. सुवर्णकाराचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार, तसा कुंभकाराचा कुंभार झाला. आज ज्याच्या घरात तीन पिढ्यांत कोणी चाकाला हात लावलेला नाही आणि जो बँकेत नोकरी करतो, तोही कुंभारच. काम गेले, नाव उरले. उपाधीची जाती कधी होते, याची याहून स्वच्छ खूण नाही. नैयायिकांची कसोटी लावली तर कुंभारत्व हे पाचकत्वाच्या रांगेत बसायला हवे. समाजाने ते गोत्वाच्या रांगेत नेऊन बसवले.

हे नेऊन बसवण्याचे काम शास्त्राच्या हातूनही झाले. कुमारिल भट्टांपुढे ब्राह्मणत्वाचा प्रश्न होता. गोत्व गाईच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून, तिच्या आकारावरून दिसते. ब्राह्मणाच्या शरीरात असे काय दिसते? कुमारिलांच्या मते ब्राह्मणत्वही प्रत्यक्षाने कळणारी जातीच आहे. मात्र ते दिसण्यासाठी आईवडील कोण आहेत याचे ज्ञान सहकारी म्हणून लागते. भारतीय विचारपरंपरेवरील विल्हेल्म हाल्बफास यांच्या १९९१ सालच्या ‘ट्रॅडिशन अँड रिफ्लेक्शन’ या ग्रंथातील जातिविषयक प्रकरण वाचणाऱ्याला या युक्तिवादाचे गांभीर्य जाणवते. तो भाबडा नाही. पण त्यात जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. दिसण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते, आणि ठाऊक असण्यासाठी कोणाचे लग्न कोणाशी झाले याची नोंद कोणीतरी ठेवलेली असावी लागते. म्हणजे विवाहाची व्यवस्था आधी, आणि तिच्या आधाराने दिसणारी सत्ता नंतर. युक्तिवाद मात्र उलट क्रमाने मांडला जातो; सत्ता आधी आहे म्हणून व्यवस्था तशी असावी, असे सांगितले जाते. घरमालक आडनाव विचारतो तेव्हा तो नकळत कुमारिलांचीच ज्ञानमीमांसा वापरीत असतो. समोरच्या मुलीकडे पाहून त्याला काही कळत नाही. सहकारी ज्ञान मिळाले की मग ‘दिसू’ लागते.

सत्ता आणि व्यवस्था यांच्या वागण्यातील आणखी एक फरक ‘संकर’ या शब्दापाशी स्पष्ट होतो. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी एखादा सामान्यधर्म जाती ठरण्याच्या आड येणारी सहा कारणे सांगितली. त्यांत संकर हे एक. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात आणि शिवाय प्रत्येक जण दुसऱ्यावाचूनही कुठे कुठे राहतो, असे झाले तर ते जाती होऊ शकत नाहीत. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी दोन्ही आहे. म्हणून भूतत्व आणि मूर्तत्व यांना जातीचा दर्जा नाही. स्मृतींमधील वर्णसंकर ही वेगळी गोष्ट आहे आणि दोहोंत केवळ नामसाम्य आहे, हे मान्यच करायला हवे. पण दोन ठिकाणी घोटाळ्याचे काय केले जाते ते पाहावे. तर्कशास्त्रात घोटाळा सापडला की वर्गाचा दावा सोडून द्यावा लागतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात घोटाळा सापडला की नवे नाव दिले जाते. ब्राह्मण पिता आणि वैश्य माता यांची संतती अंबष्ठ, ब्राह्मण पिता आणि शूद्र माता यांची निषाद, शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांची चंडाल, अशी यादी वाढत जाते. सत्तेचा सिद्धांत एका प्रतिउदाहरणाने कोसळतो. व्यवस्था प्रतिउदाहरणाला एक खाना करून देते आणि अधिक भरभक्कम होते.

म्हणूनच जातीचे केवळ तात्त्विक खंडन करून जात गेली नाही. खंडन काही कमी झालेले नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या परंपरेने सामान्य नावाचे नित्य तत्त्वच नाकारले. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ गाय नसलेल्यांचा अपोह, म्हणजे व्यावृत्ती, असे मानले. ‘वज्रसूची’ या नावाचे दोन संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहेत. एक उपनिषदांत गणला जातो, दुसरा अश्वघोषाच्या नावावर सांगितला जातो. उपनिषदातील पद्धत तर शुद्ध सत्तामीमांसेची आहे. ब्राह्मण म्हणजे जीव काय, देह काय, जन्म काय, ज्ञान काय, कर्म काय, असे एकेक विचारून प्रत्येक पर्याय फेटाळला जातो. हा विचार मराठीतही उतरला. बहिणाबाईंच्या अभंगांत तो आहे, आणि तुकाराम तात्या पडवळांच्या ‘जातिभेद विवेकसार’ (१८६१) या पुस्तकाच्या द्वारा तो महात्मा फुल्यांच्या काळातील वादात उतरला. जात कोठेही सापडत नाही, हे इतक्या वेळा सिद्ध झाल्यावरही ती गावात, पंगतीत, पाणवठ्यावर आणि विवाहात जशीच्या तशी राहिली. खंडन चुकीचे नव्हते. ते ‘काय आहे’ या प्रश्नाला उत्तर देत होते, आणि जात टिकून होती ती ‘काय केले जाते’ यावर.

प्रश्नाची ही दिशा ज्या वर्षी बदलली ते १९१६ साल साहित्याच्या अभ्यासकाने दोन कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. सोस्यूर १९१३ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या व्याख्यानांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या टिपणांवरून बायी आणि सेशये यांनी सिद्ध केलेला सामान्य भाषाविज्ञानावरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला. या दोन घटनांत कोणताही संबंध नाही. विचाराचा आकार मात्र विलक्षण सारखा आहे. भाषेत आधीच तयार असलेली स्वतंत्र पदे नसतात, भेदच असतात, असे सोस्यूर मांडतात. एकवचनी जात ही वास्तवात असूच शकत नाही, जाती असतात त्या बहुवचनातच, असे आंबेडकर मांडतात. मराठी माणूस जात विचारताना ‘तुम्ही कोण?’ असे न म्हणता ‘तुम्ही कोणापैकी?’ असे म्हणतो. या पंचमीसारख्या ‘पैकी’त तेच बहुवचन बोलते. आंबेडकर भेदापाशी थांबत नाहीत. भेद कशाने राखला जातो, हे ते दाखवतात. बहिर्विवाहाची चाल असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला की गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. जोडीदार मेला की मागे उरलेली विधवा किंवा विधुर हा त्या हिशेबातील शिल्लक आकडा होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा ते या शिलकीची विल्हेवाट म्हणून करतात. ज्या रूढींना पावित्र्याचा अर्थ दिला जात होता, त्यांना येथे कार्य मिळाले. जात म्हणजे काय, या प्रश्नाची जागा जात चालते कशी, या प्रश्नाने घेतली.

वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि तेथे न झालेले भाषण आंबेडकरांनी स्वतः प्रसिद्ध केले. त्यात आंतरजातीय विवाह हा उपाय सांगून ते थांबत नाहीत. शास्त्रांच्या प्रामाण्यावरील श्रद्धा नष्ट झाल्यावाचून लोक असे विवाह करणार नाहीत, असे बजावतात. व्यवस्था वागण्यावर टिकते हे खरे, पण त्या वागण्याला ‘हे असेच आहे’ या समजुतीचा पहारा असतो. नुसता पहारा हटवून वाडा पडत नाही, हे वज्रसूचीच्या अनुभवाने कळले होते. पहाऱ्याला हात न लावता वाडा पाडता येत नाही, हे १९३६ च्या भाषणाने सांगितले. सत्ता आणि व्यवस्था यांतील भेद जाणणे म्हणजे एकीला टाकून दुसरीकडे वळणे नव्हे; दोघी एकमेकींना कशा सांभाळतात, हे ओळखणे होय.

येथवर आल्यावर विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा अर्धा भाग उलगडतो, अर्धा उरतो. जात सत्ता नव्हे, व्यवस्था होय, असे म्हटले की ऐकणारा पुष्कळदा ‘म्हणजे ती खरी नाही’ असे समजतो. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा सोज्ज्वळ दिसते, म्हणून अधिक फसवी आहे. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या संग्रहाचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे शीर्षकच या संदर्भात वाचावे. गोत्व चोरता येत नाही. चोरता येते ते कागदावर, नावात, लोकांच्या समजुतीत असलेले काही. जात चोरणे शक्य आहे, एवढ्यानेच ती सत्ता नाही हे सिद्ध होते. पण कथेतील निवेदकाची चोरी उघडकीस येते तेव्हा त्याला बसणारा मार संबंधांच्या जाळ्याला बसत नाही, शरीराला बसतो. शरणकुमार लिंबाळ्यांच्या आत्मकथनाचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे नावही असेच. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचे ते उणे, खोटे. शब्द सोनाराच्या तराजूतून आला. तोळा ही माणसांनी ठरवलेली वजनाची व्यवस्था आहे, सोन्याच्या स्वभावात बारा हा आकडा नाही. तरीही या शब्दाने माणूस तोलला गेला आणि तो उणेपणा एका मुलाला जन्मभर वाहावा लागला. व्यवस्थेतील गोष्टींचे असणे माणसांच्या आचारावर अवलंबून असते. याचा अर्थ ते असणे हलके असते असा नव्हे. चलनी नोट कागदच आहे, पण तिच्यावाचून उपाशी राहणाऱ्याची भूक कागदी नसते.

समीक्षेला हा भेद विशेष जपून वापरावा लागतो, कारण तिच्या स्वतःच्या घरातही सत्तेची हौस शिरते. दलित साहित्य कोण लिहू शकतो, या मराठीतील दीर्घ वादाकडे या दृष्टीने पाहता येईल. दलित पँथरच्या १९७३ सालच्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांबरोबर कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया यांचाही समावेश होता. ही व्याख्या स्थानाची आहे. शोषणाच्या रचनेत जो या जागी उभा, तो दलित. पुढे स्वानुभव ही कसोटी पुढे आली आणि तिला भक्कम कारण होते. ज्यांनी ती जागा दुरून पाहिली त्यांनी केलेली तिची वर्णने अनेकदा पोकळ निघाली होती. परंतु ‘त्या जागेवरून जग असे दिसते’ हे विधान आणि ‘त्या रक्ताला जग असे दिसते’ हे विधान एक नव्हेत. पहिले व्यवस्थेविषयी आहे आणि त्यात ज्ञान आहे. दुसऱ्यात कुमारिलांची जाती वेष पालटून परत येते. मराठी मातीचा अंगभूत आत्मा शोधणाऱ्या समीक्षेलाही हाच इशारा लागू पडतो.

आजच्या अभ्यासकापुढे हा घोटाळा आणखी एका वाटेने आला आहे. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली संगणकशास्त्रासाठी केलेल्या व्याख्येपासून त्या क्षेत्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणजे एखाद्या विषयातील संकल्पनांची आणि त्यांच्या संबंधांची स्पष्ट मांडणी, असा अर्थ रूढ झाला. म्हणजे जिला येथवर व्यवस्था म्हटले तिलाच सत्तामीमांसेचे नाव मिळाले. यंत्रासाठी ते सोयीचे आहे. पण यादीत नोंदलेले तेवढेच ‘आहे’, असे मानण्याची सवय माणसांच्या याद्यांनाही लागते. १९०१ च्या जनगणनेत रिस्ली यांनी जातींना सामाजिक श्रेष्ठतेचा क्रम लावला, तेव्हा बदलती स्थाने तक्त्यात गोठली. सर्व जातींची संपूर्ण आकडेवारी देणारी अखेरची वसाहतकालीन जनगणना १९३१ ची; आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशी नोंद व्हावी काय, या वादात दोन्ही बाजूंना हा भेद उपयोगी पडेल. नोंद म्हणजे मान्यता नव्हे. जखम कोणाला आणि किती, हे मोजल्यावाचून उपचार करता येत नाही. मात्र रकान्यात लिहिलेले नाव माणसाचा स्वभाव सांगत नसून त्याला मिळालेली वागणूक सांगते, हे मोजणाऱ्याने विसरता कामा नये.

पुढच्या वर्षी त्या प्राध्यापकांनी सोस्यूर शिकवताना बुद्धिबळाचे उदाहरण टाकले नाही. त्याच्या शेजारी पाचक आणि कुंभार हे दोन शब्द मांडले, आणि त्यांतला कोणता शब्द काम सोडल्यावरही माणसाला सोडत नाही, ते वर्गाला विचारले. ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातून हे आले, ती तोवर पदवी घेऊन गेली होती. तिला द्यायचे उत्तर त्यांना आता थोडेफार सापडले होते. घोडेपण लाकडात नसते, हे सोस्यूरने खरेच सांगितले होते. पण बुद्धिबळ खेळणारे दोघे पटाच्या बाहेर बसलेले असतात आणि डाव केव्हा मोडायचा हे त्यांच्या हाती असते. येथे खेळणारे आणि मोहरे एकच आहेत. त्यामुळे डाव आपोआप मोडत नाही, आणि मोडेपर्यंत कोणालाच नुसते लाकूड होता येत नाही. ‘मुळात कुठले?’ असे विचारणारा घरमालक मूळ शोधत नसतो. दररोज एकदा तो ते लावीत असतो.